मनाचा आजार वेगळा, मनाचे स्वास्थ्य वेगळे

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दवाखान्यात दोन माणसे येऊन गेली. दोघांचीही ओळख पटू नये म्हणून थोडा तपशील बदलून त्यांची हकीकत सांगतो. आजच्या विषयाला त्यांच्यापासूनच सुरुवात करणे सोपे जाईल.

पहिल्या होत्या एक बेचाळीस वर्षांच्या बाई. गावाच्या जुन्या भागात त्यांचा शिवणकामाचा वर्ग आहे. दहा-बारा मुली शिकायला येतात. अकरा वर्षांपूर्वी या बाईंना उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार झाला होता. तीन-तीन रात्री झोप नाही, अखंड बडबड, कपाटातले पैसे दारात येईल त्याला वाटून टाकणे, असा तो प्रकार होता. त्यानंतरचे दोन महिने त्या अंथरुणावरून उठल्या नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. त्या आजही चालू आहेत. रक्तातील लिथियमचे प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉईड यांची नियमित तपासणी असते. तो कागद दाखवायला बाई आल्या होत्या. कागद पाहून झाल्यावर दिवाळीच्या ऑर्डरी किती आल्या, कोणत्या मुलीने स्वतःचे मशीन घेतले, हे सारे उत्साहाने सांगून गेल्या.

दुसरे होते एक निवृत्त कारकून. निवृत्त होऊन दोन वर्षे झालेली. पेन्शन नियमित, मुलगा पुण्यात नोकरीला, मुलीचे लग्न झालेले. रक्तदाब ठीक, साखर ठीक. ते म्हणाले, "डॉक्टर, दुखत काहीच नाही. जेवण जाते, झोप लागते. पण कशात राम वाटत नाही. सकाळ झाली की आता हा दिवस कसा घालवायचा, एवढाच प्रश्न असतो." मला नैराश्याची शंका आली. म्हणून सविस्तर विचारपूस केली, रक्त तपासले, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवले. त्यांनी कळवले की, आजार म्हणावा असे काही नाही, गोळी देण्याची गरज नाही.

आता वाचकांनीच सांगावे, या दोघांपैकी मनाने निरोगी कोण? बाईंना निदान झालेला मानसिक आजार आहे, पण त्यांचे आयुष्य भरलेले आहे. काकांना कोणताही मानसिक आजार नाही, पण त्यांचे मन स्वस्थ आहे असे काही म्हणता येणार नाही.

आपल्याकडे बहुतेकांची समजूत अशी असते की, मनाचा आजार आणि मनाचे स्वास्थ्य ही एकाच काठीची दोन टोके आहेत. आजार नसला की माणूस आपोआप स्वस्थ, आणि आजार झाला की स्वास्थ्य संपले. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळे रोग्यांचे व घरच्यांचे फार नुकसान होते. ते कसे, हे आज पाहू.

शरीराचे उदाहरण घ्या

शरीराच्या बाबतीत ही गोष्ट आपल्याला चटकन कळते. एका माणसाला मधुमेह आहे. तो वेळेवर गोळी घेतो, पथ्य पाळतो, रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो आणि दिवसभर दुकान सांभाळतो. दुसऱ्याला मधुमेह नाही, रक्तदाब नाही, कोणताच रोग नाही. पण दोन जिने चढला की त्याला धाप लागते आणि दुपार झाली की अंग गळून जाते. पहिल्याला रोग आहे, पण ताकद आहे. दुसऱ्याला रोग नाही, पण ताकदही नाही. रोग नसणे आणि ताकद असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कोणीही मान्य करील. मनाचेही तसेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. तिच्यात आरोग्याची जी व्याख्या दिली आहे, तिचा आशय असा की, केवळ रोग किंवा दुर्बलता नसणे म्हणजे आरोग्य नव्हे; शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिन्हींचे पूर्ण स्वास्थ्य म्हणजे आरोग्य. पुढे १९५८ साली मारी याहोडा या विदुषींनी निकोप मन कशाला म्हणावे यावर एक पुस्तक लिहिले. रोग नाही एवढ्यावरून मन निकोप ठरत नाही, निकोपपणाच्या खुणा वेगळ्या शोधाव्या लागतात, असे त्यांनी त्यात मांडले.

कोरी कीज या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी २००२ साली या विचाराला आकड्यांची जोड दिली. २५ ते ७४ वर्षे वयाच्या अमेरिकी लोकांच्या पाहणीत त्यांना असे दिसले की, शंभरातील सुमारे १४ जणांना वर्षभरात नैराश्याचा आजार झाला होता. उरलेल्या ८६ जणांना आपण सहजच निरोगी म्हटले असते. पण त्यांच्यापैकी मनाने खऱ्या अर्थाने बहरलेले म्हणावेत असे १७ जणच निघाले. सुमारे १२ जण असे होते की, त्यांना नैराश्य नव्हते, पण मन कोमेजलेले होते. बाकीचे मधल्या अवस्थेत होते. ही पाहणी अमेरिकेतील असल्याने तेथील आकडे आपल्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु तिच्यातून मिळणारा मुद्दा आपल्यालाही उपयोगी आहे.

चार घरे

एका कागदावर चार घरे आखा. पहिल्या घरात आजारही नाही आणि मन प्रसन्न, अशी माणसे. दुसऱ्या घरात आजार नाही, पण मन कोमेजलेले, म्हणजे आपले निवृत्त काका. तिसऱ्या घरात आजार आहे, पण उपचार चालू आहेत आणि जगणे समाधानाचे आहे, म्हणजे शिवणकामाच्या बाई. चौथ्या घरात आजारही आहे आणि मनाला कसलाच आधार नाही. सर्वांत अधिक मदतीची गरज या चौथ्या घरातील माणसांना असते.

माणूस जन्मभर एकाच घरात राहत नाही. काका दुर्लक्षित राहिले तर दुसऱ्या घरातून चौथ्यात जाऊ शकतात. कारण फार काळ कोमेजलेल्या मनाला आजाराची लागण होण्याचा धोका जास्त असतो. उलट चौथ्या घरातील माणसाला योग्य औषध आणि माणसांची साथ मिळाली, तर तो तिसऱ्या घरात येतो. पुष्कळ जण तर आजारातून पूर्ण बाहेर पडून पहिल्या घरात जातात.

आजार कशाला म्हणायचे?

मन खट्टू होणे, राग येणे, परीक्षेच्या आधी पोटात गोळा येणे, हे आजार नव्हेत. डॉक्टर आजार ठरवताना मुख्यतः तीन गोष्टी पाहतात. त्रास किती दिवस टिकला, तो किती खोल आहे, आणि त्यामुळे रोजचे काम, झोप, जेवण व नातीगोती किती बिघडली.

नैराश्याचेच पाहा. मन सतत उदास असणे किंवा कशातच गोडी न वाटणे हे मुख्य लक्षण. त्याबरोबर झोप कमी किंवा फार जास्त होणे, भूक बदलणे, थकवा, लक्ष न लागणे, आपण नालायक आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे, यांपैकी बरीच लक्षणे जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे किंवा अधिक दिसली, तर तो आजार समजावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

चिंतेच्या विकारात छातीत धडधड, घाम, हातपाय थरथरणे, आता काहीतरी वाईट होणार अशी धास्ती, हे वारंवार होते. मंत्रचळाच्या विकारात तेच ते विचार मनात येतात, आणि हात धुणे किंवा कुलूप तपासणे यांसारखी कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, या आजारात कोणी नसताना आवाज ऐकू येतात, लोक आपल्याविरुद्ध कट करीत आहेत अशी पक्की खात्री वाटते, माणूस एकलकोंडा होतो आणि स्वतःच्या स्वच्छतेकडेही त्याचे लक्ष राहत नाही. दारूचे व्यसन हाही आजारच आहे, केवळ वाईट सवय नव्हे.

आपल्या भागात मनाचा आजार पुष्कळदा शरीराचे सोंग घेऊन येतो. डोके जड, अंगाला मुंग्या, पित्त, अंगदुखी, अशक्तपणा अशा तक्रारी घेऊन रोगी येतो, सलाईन लावून मागतो, आणि मनाबद्दल विचारले तर "तसे काही नाही" म्हणतो. याची उलट बाजूही आहे. थायरॉईडचा विकार, रक्ताची कमतरता किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असली, तरी नैराश्यासारखीच लक्षणे दिसतात. म्हणून आधी तपासणी आवश्यक असते.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस विनाकारण रडू येणे पुष्कळ स्त्रियांना होते आणि ते आपोआप जाते. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी राहिली, बाळाकडे पाहावेसे वाटेना, तर "बाळंतिणीचे नखरे" म्हणून सोडून देऊ नये. मुलांमध्ये शाळेच्या वेळीच पोटात दुखणे, एकाएकी गुण घसरणे, खेळ बंद होणे, याकडे लक्ष द्यावे. वृद्ध माणूस एकाएकी गोंधळल्यासारखे बोलू लागला तर "वय झाले" म्हणून गप्प बसू नये. त्यामागे उपचार करण्यासारखे कारण असू शकते.

दुःख म्हणजे आजार नव्हे, पण…

घरातील माणूस गेले की रडू येणारच. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते, त्यानंतर ते एकदम रिकामे होते, आणि खरे दुःख तेव्हा सुरू होते. हे दुःख आजार नव्हे. त्याला गोळीपेक्षा माणसांची सोबत हवी असते. पीक बुडाले, नोकरी गेली, मुलाला प्रवेश मिळाला नाही, अशा वेळी मन खचणे स्वाभाविक आहे.

परंतु येथे एक मोठी चूक होते. "एवढे कर्ज झाले आहे, मग उदास राहणारच की!" असे म्हणून आपण तो विषय संपवतो. उदासीला कारण दिसते म्हणून तो आजार नाही, असे ठरत नाही. पावसात भिजल्याने न्यूमोनिया झाला असे आपण समजलो, तरी न्यूमोनियाचे औषध देतोच ना? तसेच कर्जाच्या ओझ्याखाली एखाद्या शेतकऱ्याची झोप उडाली, जेवण तुटले, तो बोलेनासा झाला आणि मरणाच्या गोष्टी करू लागला, तर कर्जाचा प्रश्न वेगळा सोडवावा लागेल आणि नैराश्याचा उपचारही करावाच लागेल. दोन्ही लागतात. एकामुळे दुसऱ्याची गरज संपत नाही.

मनाचे स्वास्थ्य म्हणजे काय?

स्वस्थ मन म्हणजे सदा हसरे मन नव्हे. ज्याला कधी रडूच येत नाही, तो स्वस्थ आहे असे मानू नये. तज्ज्ञ स्वास्थ्याच्या खुणा साधारण तीन प्रकारच्या सांगतात.

पहिली खूण भावनेची. दिवसातून एखादी तरी गोष्ट मनाला बरी वाटते का, एकूण जगण्याबद्दल समाधान आहे का? दुसरी खूण स्वतःच्या वागण्याची. स्वतःचे गुणदोष मान्य आहेत का, आपले निर्णय आपण घेतो का, काही नवीन शिकावेसे वाटते का, आपल्या असण्याचा कोणाला उपयोग आहे असे वाटते का? तिसरी खूण माणसांशी असलेल्या नात्याची. अडचणीत रात्री बारा वाजता दार ठोठावता येईल असे एक तरी घर आहे का, आणि आपले दार असे कोणासाठी उघडे आहे का?

हे प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावेत. उत्तरे मनासारखी आली नाहीत म्हणून घाबरू नये, तुम्ही आजारी आहात असा त्याचा अर्थ होत नाही. पण तिकडे लक्ष देण्याची वेळ झाली आहे, असा मात्र होतो.

फरक न कळल्याने होणाऱ्या तीन चुका

पहिली चूक म्हणजे आजारावर केवळ स्वास्थ्याचे उपाय करणे. "मन खंबीर कर", "चांगले विचार कर", "चार दिवस तीर्थयात्रेला जाऊन ये", "ध्यानाच्या शिबिराला जा", "लग्न करून दिले की सुधारेल". तीर्थयात्रा, ध्यान, लग्न यांत वाईट काही नाही. परंतु ज्याला आवाज ऐकू येत आहेत, त्याला त्याने बरे वाटणार नाही. एका तरुणाची गोळी नातेवाइकांनी शिबिरातून आल्यावर बंद केली. "आता तो छान हसतो-बोलतो, मग गोळी कशाला?" असे त्यांचे म्हणणे. तो हसत-बोलत होता तो गोळीमुळे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. तीन महिन्यांत आजार पुन्हा उलटला, त्याला रुग्णालयात ठेवावे लागले आणि हाताशी आलेली नोकरी गेली. लग्नाच्या बाबतीत तर आजार लपवून दोन घरांचे नुकसान होते. उपचाराने सावरलेला माणूस लग्न करू शकतो, संसारही चांगला करू शकतो. मात्र समोरच्याला सर्व खरे सांगूनच ते व्हावे.

याच चुकीचा दुसरा प्रकार म्हणजे करणी, बाहेरची बाधा समजून उतारे टाकत बसणे. देवावर श्रद्धा असावी, त्याबद्दल तक्रार नाही. पण अंगारा लावताना औषधाची वेळ चुकवू नये. मारहाण, साखळदंड, उपाशी ठेवणे हे तर क्रौर्य आहे आणि कायद्याने गुन्हाही ठरते.

दुसरी चूक याच्या उलट, म्हणजे स्वास्थ्य नसल्याचा त्रास गोळीने मिटवू पाहणे. मन रमत नाही, झोप उशिरा लागते, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी आणायची आणि महिनोन्‌महिने घ्यायची, हा प्रकार आपल्या गावात कमी नाही. अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्यांची सवय काही आठवड्यांत लागू शकते. मग ती गोळी नसली की झोप पहिल्यापेक्षा वाईट होते. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ज्यांना आधीच सवय लागली आहे त्यांनी मात्र त्या एकदम बंद करू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात.

तिसरी चूक म्हणजे आजार आवरला की आपले काम संपले असे समजणे. गोळीने आवाज थांबले, झोप लागू लागली, दंगा थांबला, की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण त्या माणसाला पुढे काम कोण देणार? लग्नकार्याला कोण बोलावणार? घरातला निर्णय घेताना त्याचे मत कोण विचारणार? आजार गेला आणि माणूस कोपऱ्यात बसून राहिला, तर त्याला आपण बरे केले असे कसे म्हणायचे? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा २००४ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाला घरच्यांच्या समजूतदारपणाची किती गरज असते हे आठवत असेल.

औषध आणि आधार यांची सांगड

आजार आणि स्वास्थ्य वेगळे असले, तरी त्यांचे एकमेकांशी वैर नाही. स्वास्थ्याचे उपाय शिकलेल्या माणसाने पद्धतशीरपणे वापरले, तर ते आजारावरही चालतात. याचे चांगले उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यातील आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या रोग्यांवर 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी एक प्रयोग केला. तो २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी रोग्याशी सहा ते आठ भेटींत बोलायचे, सुटलेली कामे, भेटीगाठी आणि आवडीच्या गोष्टी टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करून द्यायच्या, अशी ती पद्धत होती. तीन महिन्यांनी या रोग्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना अशी मदत मिळाली नाही, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते.

यावरून "गोळी नको, गप्पा पुरेत" असा अर्थ कोणी काढू नये. या समुपदेशकांच्या पाठीशी प्रशिक्षण आणि तज्ज्ञांची देखरेख होती. स्किझोफ्रेनिया किंवा उन्मादाच्या आजारात तर औषध हा उपचाराचा पायाच आहे.

वाचक नेहमी विचारतात ते प्रश्न

गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात का? प्रत्येकाला नाही. नैराश्य पहिल्यांदाच झाले असेल, तर बरे वाटू लागल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवून मग ती हळूहळू बंद करतात. आजार वारंवार उलटत असेल, किंवा स्किझोफ्रेनिया आणि उन्माद-नैराश्याचा आजार असेल, तर दीर्घकाळ घ्यावी लागते. रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षे घेताना आपल्याला लाज वाटत नाही, मग हिचीच का वाटावी?

गोळी घेऊन चार दिवस झाले, फरक नाही, सोडू का? सोडू नये. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे, काही वेळा त्याहून अधिक काळ लागतो. सुरुवातीला मळमळ, सुस्ती असा त्रास झाला तर डॉक्टरांना सांगावे, ते मात्रा किंवा गोळी बदलतात.

मरणाबद्दल विचारले तर तोच विचार डोक्यात येईल का? नाही. उलट "जीव नकोसा वाटतो का?" असे शांतपणे विचारल्याने माणसाला मन मोकळे करता येते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके आणि गोळ्यांचा साठा त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी हलवावा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

कोठे जावे?

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता. तिच्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले. म्हणजे शंभर रोग्यांपैकी बहुसंख्य उपचाराविना होते. यामागे डॉक्टरांची कमतरता हे कारण आहे, तसेच "लोक काय म्हणतील" हेही आहे.

आपल्या देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. त्याखाली जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांची तपासणी आणि औषधे मिळण्याची सोय केलेली असते. प्रथम तेथे चौकशी करावी. तीव्र आजारासाठी राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये पुण्यात येरवडा येथे, तसेच ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. घराबाहेर पडणे शक्य नसेल तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा दूरध्वनी क्रमांक आहे. केंद्र सरकारने तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. तो निःशुल्क असून दिवसरात्र चालतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला. सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा रोग्याचा हक्क आहे, असे तो सांगतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि सरकारने तिला उपचार द्यावेत, अशीही त्यात तरतूद आहे. विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांच्या उपचारालाही विमा द्यावा, असे हा कायदा म्हणतो. तेव्हा आपली पॉलिसी काढून वाचावी.

स्वास्थ्यासाठी रोज काय करावे?

झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी, आणि अंथरुणात मोबाईल नसावा. रोज अर्धा तास तरी चालावे, शक्यतो कोणाच्या तरी सोबतीने. दिवसातून एकदा घरातील सर्वांनी दूरदर्शन संच बंद ठेवून एकत्र जेवावे. दारूने दुःख विसरते ही समजूत सोडावी. दारू नैराश्य वाढवते. भजनी मंडळ, वाचनालय, बचत गट, तालीम, कट्टा, जे जवळ असेल त्यात जावे. घरातील स्त्रीला दिवसातील एक तास स्वतःचा मिळतो का, हे घरातील पुरुषांनी पाहावे. पुष्कळ स्त्रियांच्या कोमेजलेपणाचे मूळ तेथेच सापडते. मुलांना गुणांशिवाय दुसरेही काही विचारावे.

हे सारे आजारी माणसानेही करावे, मात्र गोळीच्या ऐवजी नव्हे, तर गोळीबरोबर.

त्या निवृत्त काकांना मी औषधाची चिठ्ठी दिली नाही. नोकरीत चाळीस वर्षे फाईली लावण्यात गेलेली, म्हणून नगर वाचनालयातील जुन्या पुस्तकांची यादी करण्याचे काम त्यांना सुचवले. पहिला आठवडा ते गेलेच नाहीत. नंतर गेले. परवा रस्त्यात भेटले ते पुस्तकांना वाळवी लागली आहे म्हणून व्यवस्थापकांवर रागावलेले होते. मला तो राग पाहून बरे वाटले. तरीही दोन महिन्यांनी पुन्हा तपासणीला यायला सांगितले आहे, कारण कोमेजलेल्या मनावर नजर ठेवावी लागते. शिवणकामाच्या बाईंची पुढची रक्ततपासणीही ठरलेल्या वेळी होईलच.

आपल्या घरातील प्रत्येक माणसाबद्दल हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. याला काही आजार आहे का? असेल तर डॉक्टर. याचे मन स्वस्थ आहे का? नसेल तर त्याला माणसे, काम आणि आपला थोडा वेळ लागेल. पहिल्याचे उत्तर "नाही" आले म्हणून दुसरा प्रश्न विचारायचा राहू नये, आणि पहिल्याचे उत्तर "हो" आले तर तो विशेष आठवणीने विचारावा.

(पुढील लेखात : झोप न येण्याची कारणे)